प्रश्नात नसलेले गाव

पुण्याहून नगरला म्हणजे आजच्या अहिल्यानगरला रस्त्याने जायचे तर अंतर साधारण 120 किलोमीटर भरते आणि वाटेत निम्म्याच्या थोडे पुढे शिरूर लागते. हाच प्रवास आगगाडीने करायचा तर आधी पूर्वेला दौंडपर्यंत जावे लागते, तिथून उत्तरेला वळावे लागते आणि अंतर 160 किलोमीटरच्या घरात जाते. शिरूरला रेल्वे नाही. रेल्वे येण्यापूर्वीच्या अर्धशतकात या टापूत ज्या गावाला सर्वांत जास्त महत्त्व होते, ते रेल्वेच्या नकाशावर आलेच नाही. आणि भीमेकाठचे दौंड देशातल्या मोठ्या जंक्शनांच्या यादीत जाऊन बसले. याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक म्हणजे शिरूरवर अन्याय झाला. दुसरे म्हणजे जमिनीची ठेवणच तशी होती, माणसाच्या हातात काही नव्हते. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझे म्हणणे असे की दौंडचे जंक्शन हे एका विशिष्ट प्रश्नाचे जवळजवळ बिनचूक उत्तर होते, आणि त्या प्रश्नात शिरूर खिजगणतीतही नव्हते. उत्तर चुकले नाही म्हणून प्रश्न योग्य होता असे ठरत नाही, आणि प्रश्न अपुरा होता म्हणून उत्तर देणारे अडाणी होते असेही ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला गणितातली ग्राफ थिअरी फार उपयोगी पडते.

या शास्त्राची मांडणी साधी आहे. गावे म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारे रस्ते किंवा लोहमार्ग म्हणजे कडा, आणि प्रत्येक कडेला काहीतरी वजन: अंतर, खर्च, वेळ, चढ, जे आपण मोजू ते. ऑयलरने 1736 मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले तिथून याची सुरुवात मानतात. पण कमीत कमी खर्चात सगळी गावे जोडणारे जाळे कसे काढायचे, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर यायला 1926 उजाडले. त्या वर्षी ओटाकर बोरुव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हियात विजेच्या तारा कशा ओढाव्यात या व्यवहारातल्या अडचणीतून ते शोधले. पुढे 1956 मध्ये क्रुस्कल आणि 1957 मध्ये बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्या प्रिम यांनी तीच गोष्ट आणखी सोप्या रीतीने मांडली. क्रुस्कलची रीत शाळकरी मुलालाही जमेल अशी आहे: सर्वांत लहान कड आधी घ्या, मग तिच्याहून मोठी, आणि एखाद्या कडेमुळे बंद फेरा तयार होत असेल तर ती सोडून द्या. उरते त्याला झाड म्हणतात. ते सर्वांत स्वस्त जाळे असते.

इथे पहिला आक्षेप येईल की एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना हे गणित ठाऊकच नव्हते, मग त्यांचे काम या मापाने कसे मोजायचे? पण रीत माहीत नसली तरी हिशेब तोच होता. विल्हेल्म लाउनहार्ट या जर्मन इंजिनिअरने 1872 मध्ये व्यापारी दृष्टीने मार्ग कसा आखावा यावर लिहिले. तीन ठिकाणे जोडताना फाटा कुठे फुटावा हा त्यातला एक मुख्य प्रश्न होता. हिंदुस्थानात मार्ग आखणारे इंजिनिअरही मैलाचा खर्च, पुलांचा खर्च, घाटाची चढण आणि मिळणारे भाडे यांचीच तोंडमिळवणी करत होते. आपण फक्त त्यांचा हिशेब उघडा करून पाहतो आहोत: कोणते बिंदू धरले, कोणत्या कडा शक्य मानल्या, वजन कशाचे लावले.

आधी शिरूर बिंदू म्हणून किती मोठे होते ते पाहू. 1802 च्या अखेरीस वसईचा तह झाला, पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली आणि घोडनदीच्या काठी शिरूरला तिची छावणी पडली. पुणे आणि नगर या दोन्ही ठिकाणांवर एकाच जागेवरून नजर ठेवता येईल अशी ती जागा होती. 1809 मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची कबर तिथे आहे आणि पुढे परिसरातल्या लोकांनी तिला सत्पुरुषाचे स्थान म्हणून मान दिला. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पुण्याच्या मदतीला म्हणून कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली. कोरेगावच्या लढाईबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या मुद्द्यापुरते इतकेच की पुण्यावर काही बेतले तर कुमक शिरूरहून बोलवायची. लष्कर गेल्यावरही घोडनदीची पेठ, गुरांचा बाजार आणि पुणे-नगर रस्त्यावरचा मुक्काम हे शिरूरचे स्थान टिकले.

आता क्रुस्कलची रीत पुणे, शिरूर, नगर आणि दौंड या चार ठिकाणांना लावून पाहू. नकाशावर सरळ रेघेत मोजले तर शिरूर-दौंड सुमारे 46 किलोमीटर, शिरूर-नगर सुमारे 48, पुणे-शिरूर सुमारे 63, दौंड-नगर सुमारे 72, पुणे-दौंड सुमारे 75 आणि पुणे-नगर सुमारे 110. लहान कडेपासून सुरुवात केली की पहिल्या तिन्ही कडा लागोपाठ निवडल्या जातात आणि त्या तिन्ही शिरूरला मिळतात. चारही गावे जोडली जातात, बेरीज 157 किलोमीटर. म्हणजे या चार गावांपुरता प्रश्न विचारला तर मध्यावर शिरूर येते. प्रत्यक्षात झालेल्या मार्गाने, म्हणजे पुणे-दौंड-नगर असे जाऊन वर शिरूरला फाटा द्यायचा म्हटले, तर बेरीज 193 होते.

पण आता शिरूर हा बिंदू पुसून टाका. पुणे, दौंड आणि नगर ही तीनच ठिकाणे जोडायची. पुणे-दौंड आणि दौंड-नगर मिळून 147 किलोमीटर होतात. तिन्ही ठिकाणांपासून रेघा एकमेकींशी 120 अंशांचे कोन करून जिथे मिळतात, त्या आदर्श जागी फाटा काढला असता तरी बेरीज 144 च्या खाली जात नाही. फरक तीन किलोमीटरचा, आणि त्यासाठी माळरानात एक नवे जंक्शन उभारावे लागले असते. कोणताही शहाणा इंजिनिअर दौंडच निवडेल. एकच बिंदू ठेवला की शिरूर, पुसला की दौंड. रीत तीच, अंतरे तीच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

यावर कोणी म्हणेल की हा कागदी खेळ झाला. लोहमार्ग सरळ रेघेत जात नाही, नद्या आणि टेकड्या ओलांडतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. पुण्याहून शिरूरमार्गे नगरला जाणारा रस्ता आधी मुळा-मुठा, मग कोरेगावला भीमा, मग शिरूरला घोडनदी ओलांडतो. उलट पुण्याहून दौंडला गेलेला लोहमार्ग मुळा-मुठा आणि भीमा यांच्या दक्षिण काठाने उरुळी, यवत, केडगाव, पाटस असा सपाटीवरून जातो आणि या नद्यांना हातही लावत नाही. दौंडपर्यंत पोचेतो वरच्या अंगाला घोडनदी भीमेला मिळालेली असते, त्यामुळे तिथून उत्तरेला वळताना भीमेवर एकच मोठा पूल पुरतो. त्या काळात दगडी खांबांचा मोठा पूल म्हणजे कित्येक मैलांच्या मार्गाएवढा खर्च आणि शिवाय दोन-तीन पावसाळ्यांची जोखीम. किलोमीटरऐवजी पुलांचे वजन लावले तर दौंड जिंकते, हे मान्य. तरीही जमिनीची ठेवण निर्णय घेत नाही. ती प्रत्येक पर्यायाची किंमत सांगते. किंमत मोजायची की नाही हे पलीकडे काय मिळणार यावर ठरते. हाच मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने भोर घाटात बोगदे खणले, 37 फुटांना एक फूट असा चढ स्वीकारला, गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले आणि हजारो मजुरांचे जीव गेले तरी काम थांबवले नाही. त्यापुढे घोडनदीवरचा पूल ही काही न ओलांडता येणारी अडचण नव्हती. ती ओलांडण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते.

मग त्यांना काय दिसत होते? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कल्पना मांडणाऱ्या जॉन चॅपमनच्या डोळ्यांसमोर कापूस होता. 1851 मध्ये त्याने हिंदुस्थानचा कापूस आणि व्यापार यांवर पुस्तकच लिहिले. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होत्या आणि त्यांना दुसरा पुरवठा हवा होता. मुंबई बंदर एका टोकाला, वऱ्हाड-खानदेश आणि सोलापूरकडचा मुलूख दुसऱ्या टोकाला, पुढे मद्रास. आरंभीच्या बेतात माळशेज घाटाने एकदाच वर चढायचे आणि पठारावर गेल्यावर ईशान्येला व आग्नेयेला फाटे फोडायचे असा विचार होता. गणिताच्या दृष्टीने तो देखणा होता, कारण सर्वांत महागडी कड म्हणजे घाट, आणि ती एकदाच बांधायची. तो बेत तडीस गेला असता तर दख्खनचे मोठे जंक्शन जुन्नर-नगरच्या पठारावर कुठेतरी आले असते आणि शिरूरचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. पण कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने मोजणी करून माळशेज बाद केला आणि थळ व भोर असे दोन घाट सुचवले. फाटा घाटाखाली, कल्याणला फुटला. त्या एका निर्णयाने नगरच्या पठाराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी रूळ निघून गेले. पुण्यापासून दिकसळपर्यंतचा मार्ग डिसेंबर 1858 मध्ये सुरू झाला, त्यात दौंड आले. 1860 मध्ये गाडी सोलापूरला पोचली, आणि 1871 मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना हे रूळ मिळाले.

या अवस्थेत सगळे जाळे कल्याणपासून फुटलेल्या दोन लांब फांद्यांचे होते. झाड स्वस्त असते, पण त्याचा एक दोष आहे: कोणतीही एक कड तुटली की जाळ्याचे दोन तुकडे होतात, आणि शेजारच्या दोन फांद्यांवरच्या गावांना एकमेकांकडे जायला खोडापर्यंत खाली यावे लागते. मनमाडचे धान्य रेल्वेने दौंडला न्यायचे तर थळ घाट उतरून कल्याण, मग भोर घाट चढून पुणे आणि मग दौंड, असा सुमारे 420 किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम होता, आणि तोही हिंदुस्थानातल्या सर्वांत कठीण दोन घाटांतून. 1876-77 च्या दुष्काळात नगर, सोलापूर, पुणे हे जिल्हे होरपळले तेव्हा या रचनेचा दोष नकाशाकडे बघणाऱ्या कोणालाही दिसला असता: उत्तरेचे धान्य आणि दक्षिणेची भूक यांच्यामध्ये समुद्रपातळीपर्यंत उतरून पुन्हा चढायची वाट होती. दौंड-मनमाड हा सरकारी लोहमार्ग त्याच वेळी हाती होता. त्याचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढले गेले. ज्यांच्या शेतात काही पिकले नव्हते त्यांनीच पाट्या वाहून हे भराव घातले. 1878 मध्ये मार्ग सुरू झाला. 420 किलोमीटरच्या जागी सुमारे 236, आणि एकही घाट नाही. झाडाला एक जादा कड मिळाली, कल्याण-पुणे-दौंड-मनमाड असा फेरा पूर्ण झाला, आणि त्या फेऱ्यातली एखादी कड बंद पडली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने चालू राहण्याची सोय झाली. क्रुस्कलच्या रीतीने जी कड फेरा होतो म्हणून टाकून दिली असती, तीच इथे सर्वांत उपयोगी ठरली. कमीत कमी खर्चाचे जाळे आणि चांगले जाळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे यापेक्षा ठळक उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

हा मार्ग खाली उतरताना शिरूरमार्गे पुण्याला का नाही आणला? कारण पुणे-दौंड ही कड वीस वर्षांपूर्वीच बांधून झाली होती. तिचा खर्च भागला होता, नव्या हिशेबात तिचे वजन शून्य. नगरहून 72 किलोमीटर रूळ टाकले की मुख्य मार्ग मिळत होता; शिरूरमार्गे पुण्याला यायचे तर 111 टाकावे लागले असते. प्रत्येक टप्प्यावर आधीचे पाऊल गृहीत धरून सर्वांत चांगले पाऊल टाकले गेले. पण टप्प्याटप्प्याने निवडलेली चांगली पावले मिळून सगळा प्रवास चांगला होतोच असे नाही. 1858 मध्ये ज्या गावाचा विचार झाला नव्हता, त्याचा विचार 1878 मध्ये करणे आणखी महाग झाले होते.

पुणे आणि नगर यांना जोडणे हा मुळात हेतूच नव्हता, याचा सर्वांत बोलका पुरावा कागदपत्रांत शोधावा लागत नाही. तो दौंडच्या यार्डात रुळांच्या वळणात आहे. मनमाडकडून आलेला मार्ग भीमा ओलांडून दौंड स्टेशनात पुण्याच्या बाजूने शिरतो. त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या गाडीचे तोंड आपोआप सोलापूरकडे होते. दिल्लीहून बंगळूरला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस इथून सरळ निघून जाते. पण पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणारी गाडी अगदी अलीकडेपर्यंत दौंडला आली की अडायची. इंजिन सोडायचे, ते शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, जोडायचे, ब्रेकची तपासणी करायची आणि मग आलेल्या दिशेलाच परत निघायचे. खिडकीशी तोंड पुढे करून बसलेला प्रवासी मग पाठमोरा नगरला जायचा. आखणाऱ्यांच्या मनात उत्तर-दक्षिण मालगाडी होती, पुण्याचा नगरकर नव्हता. कागदावर दौंड एक बिंदू दिसतो, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर वळण्याचीही किंमत असते, आणि ती सगळ्यांना सारखी नसते. हिशेब बरोबर करायचा तर दौंडचे दोन बिंदू मानावे लागतात: सोलापूरकडे तोंड असलेले आणि पुण्याकडे तोंड असलेले.

या जंक्शनाने दौंडला पुष्कळ दिले, हे नि:संकोच सांगितले पाहिजे. रेल्वे वसाहत, लोको शेड, देशाच्या नाना भागांतून आलेली रेल्वे कामगारांची कुटुंबे. 1914 मध्ये बारामतीला गेलेली अडीच फुटी गाडी, जी आता रुंद मार्गाची झाली आहे. एकदा बिंदूला तीन कडा मिळाल्या की चौथीही तिथेच येते. शिरूरकडे मात्र एकही आली नाही. यावर असे म्हणता येते की शिरूर मेले नाही: रस्ता होता, एसटी आली, रांजणगावला एमआयडीसी उभी राहिली. हे खरे आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा जास्त पक्का होतो. रस्त्यांच्या जाळ्यात शिरूर बिंदू म्हणून कायम होते: नगर रस्ता होताच, न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा रस्ताही होता. म्हणून तिथे कारखाने आले. म्हणजे जागेत खोट नव्हती. एका जाळ्याने तिला मोजले, दुसऱ्याने मोजले नाही. पण त्याची किंमत आजही दिली जाते: रांजणगावचा माल ट्रकनेच निघतो आणि वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंतच्या रस्त्यावर त्याच्याच रांगेत दूधवाला, शाळेची बस आणि रुग्णवाहिका उभी असते.

कडेचे महत्त्व कायमचे नसते हेही याच मार्गाने दाखवले. 1929 च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ मार्ग जोडला गेला, दिल्ली-मद्रास वाहतुकीला जवळची वाट मिळाली आणि दौंड-मनमाडचा देशव्यापी भार काहीसा हलका झाला. उलट पुणे वाढले, आणि ज्या वळणाची आखणाऱ्यांना फिकीर नव्हती तेच वळण रोजची अडचण बनले. अखेर अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या बाजूने थेट नगरकडे वळणारी कॉर्ड लाइन झाली आणि तिच्यावर वेगळे स्टेशन बांधले गेले. इंजिन फिरवण्याचा वेळ वाचला. पण कॉर्ड लाइनने जाणाऱ्या गाड्या आता दौंडच्या मुख्य स्टेशनात येत नाहीत. दौंडकराला गावाबाहेरच्या कॉर्ड लाइनच्या फलाटावर, रात्री-अपरात्री सामानासह, रिक्षा करून जावे लागते. पुणे-नगर प्रवाशाचा वेळ हे वजन धरले तर ही सुधारणा निर्विवाद आहे. दौंडच्या प्रवाशाला बिंदू मानले तर त्याचा खर्च वाढला आहे, आणि तो कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही.

पुणे ते नगर थेट लोहमार्गाची मागणी जुनी आहे आणि आता तिची पुन्हा चर्चा आहे. त्या मार्गाचे समर्थन करताना बहुतेक वेळा दोन टोकांमधली वाचणारी मिनिटे सांगितली जातात. तो हिशेब शिरूरला पुन्हा गैरसोयीचा ठरू शकतो, कारण मिनिटेच मोजायची तर मधले थांबे कमी केलेलेच बरे. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर आणि कोरेगाव भीमा इथून रोज कोण कुठे जाते, कोणता माल कुठे उतरतो, याची मोजणी मार्ग आखण्याच्या आधी झाली पाहिजे, आणि शिरूर ते दौंड ही 46 किलोमीटरची कडही तिच्यात धरली पाहिजे. तिच्यामुळे कारखान्यांचा माल पुणे शहरात न शिरता सोलापूर-मद्रासच्या रुळांना मिळेल, आणि ज्या दोन तालुक्यांच्या सीमा एकमेकींना लागून आहेत त्यांच्यामध्ये पहिल्यांदाच गाडी धावेल.